लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आणि बीसीजी : तालुक्याच्या गावाहून उपचार पूर्ण कसा करायचा

कळमेश्वरी

इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारा उपचार) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाखाचं इंजेक्शन येतं. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरात सगळ्यात जुनी, आणि आजही पहिल्या पसंतीची, इम्युनोथेरपी म्हणजे बीसीजी. बाळाला टीबीची लस म्हणून टोचतात त्याच जातीचे जिवंत पण अशक्त केलेले जंतू. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच जोडीची ही लस १९२१ साली पहिल्यांदा माणसाला दिली गेली. पिशवीत नळीवाटे सोडून तिचा कॅन्सरवर उपयोग होतो हे कॅनडातल्या मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं. पिशवीच्या अस्तराला जंतू चिकटतात, शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. म्हणून जळजळ होणं हा औषध काम करत असल्याचाच भाग आहे.

कोणासाठी? गाठ अस्तरात किंवा अस्तराखालच्या पातळ थरात असेल (रिपोर्टवर टीए, टी१ किंवा सीआयएस, म्हणजे अस्तरातच पसरलेला सपाट कॅन्सर) आणि हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीची असेल, तर. स्नायूत शिरलेल्या गाठीला (टी२ व पुढे) बीसीजीचा उपयोग नाही.

वेळापत्रक असं. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर किमान दोन आठवडे थांबायचं. मग दर आठवड्याला एक, असे सहा डोस. नंतर पहिल्या डोसापासून मोजून ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात दर वेळी तीन-तीन, यांना मेंटेनन्स म्हणतात. मध्यम धोका असेल तर वर्षभरात थांबतात, म्हणजे एकूण १५ डोस. जास्त धोका असेल तर तीन वर्षं, २७ डोस.

आपल्या भागात पहिले सहा बहुतेक लोक घेतात. जळजळ थांबली, लघवीतून रक्त जाणं बंद झालं की पुढचे राहून जातात. कापसाची वेचणी, तुरीची सवंगणी, घरचं लग्न, काहीही निमित्त पुरतं. औषध साधं आहे, अडतं ते दवाखान्याबाहेर. तेवढ्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, आपापले किस्से नकोत.

बुधवारीबाजार

औषधाच्या बाजूचं मी लिहितो.

आपल्याकडे सीरम कंपनीची ऑन्को-बीसीजी चालते. डोस ८० की १२० मिलीग्रॅम हे डॉक्टर ठरवतात; कुपी ४० ची असेल तर त्याप्रमाणे दोन किंवा तीन लागतात. चिठ्ठीवर फक्त 'बीसीजी' लिहिलं असेल तर काउंटरवरून परत जाऊन मिलीग्रॅम लिहून घ्या. लसीकरणाची बीसीजी आणि ही, दोन वेगळ्या वस्तू आहेत. लसीच्या कुपीत जंतू फार कमी असतात, पिशवीत टाकून उपयोग शून्य. उलटा घोळ जास्त वाईट : पिशवीचं औषध दंडात, कमरेत किंवा शिरेत टोचलं तर जिवावर बेततं. कुपी घरी नेऊन गावच्या दवाखान्यात "हे एवढं इंजेक्शन देऊन द्या" म्हणायचं नाही.

साठवण २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर. फ्रीझरमध्ये नाही, फ्रीजच्या दारातही नाही, मधल्या खणात. कुपी गरम झाली तर रंग बदलत नाही, वास येत नाही, काहीच दिसत नाही. जंतू मेलेले असतात एवढंच. मेलेल्या बीसीजीने जळजळही कमी होते, मग पेशंट खूश, "या वेळी त्रासच झाला नाही" म्हणून. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मोटरसायकलच्या डिक्कीत तासभर ठेवलेल्या कुपीवर भरवसा ठेवू नका.

शक्य असेल तर कुपी ज्या दवाखान्यात डोस घ्यायचा तिथल्याच मेडिकलमधून त्याच दिवशी घ्या. आणावीच लागली तर लसीचा डबा घ्या, फ्रीझरमधला आइसपॅक बाहेर काढून हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा, मग लावा. कुपी कागदात गुंडाळून मधोमध. पाणी सुटलेल्या बर्फाच्या पिशवीत कुपी बुडवून आणतात ते बंद करा, लेबल निघून जातं आणि बॅच नंबर कोणालाच वाचता येत नाही.

धामणगाव_रेल्वे

डोसच्या दिवशी नेमकं काय करतात? घरच्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगायचं आहे, त्यांना वाटते ऑपरेशनच आहे.

कळमेश्वरी

ऑपरेशन नाही, भूलही नाही. नळी टाकून औषध सोडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, बाकी सगळं थांबणं.

आदल्या दिवशी किंवा सकाळी लघवीची साधी तपासणी. डोसच्या आधी चार तास पाणी, चहा, ताक कमी. पिशवी लवकर भरली तर औषध दोन तास धरवत नाही. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती सकाळी घ्यायची की दुपारी, हे आधी विचारून ठेवा.

दवाखान्यात आधी लघवी करून पिशवी रिकामी करायची. मग पातळ नळी, १० ते १४ नंबरची. जेली थोडीच लावायची, कारण जास्त जेलीत बीसीजीच्या गुठळ्या होतात. भूलवाली जेली असेल तर ती लावून थोडं थांबायचं. औषध ५० मिली साध्या सलाईनमध्ये हळूच घोळून तयार होतं. जोरात हलवून फेस करायचा नाही, गाळायचं नाही, दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. तयार केल्यापासून दोन तासांत वापरायचं. नळीतून ते आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचं. सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकललं तर अस्तराला इजा होते आणि जंतू रक्तात जातात.

नळी काढली की दोन तास लघवी रोखायची. अनेक ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला लावतात : पाठ, डावी, पोट, उजवी. याने किती फरक पडतो यावर डॉक्टरांत एकमत नाही. पेशंट दमेकरी असेल, पालथं झोपवत नसेल, तर त्यावरून डोस मोडू नका. दोन तास औषध आत राहणं हे महत्त्वाचं. कोणाला दीड तासच धरवलं तर तेही सांगून ठेवा, फाइलवर लिहिलं जाईल.

आणि एक. नळी टाकताना रक्त आलं, तर त्या दिवशी डोस नाही. "एवढ्या दुरून आलो, देऊन द्या ना जी" असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे आधी वाचावं. आठवड्याने परत येणं परवडतं.

नळगंगा

वरच्यात दोन भर.

पहिली : बीसीजी सुरू करण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः वाचा. त्यात 'डेट्रुसर मसल' म्हणजे पिशवीचा स्नायू तुकड्यात आला आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. स्नायूच नसेल तर गाठ त्यात शिरली की नाही हे कोणी सांगू शकत नाही. टी१ असेल किंवा स्नायू आलेला नसेल तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बिणीने त्याच जागी खरवडून तपासतात. "दुसऱ्यांदा पैसे काढायला बोलावलं" असा समज होतो, पण ही दुसरी तपासणी टाळून थेट बीसीजी दिल्याने स्नायूतली गाठ सहा महिने नजरेआड राहू शकते.

दुसरी : कोणाला देत नाहीत. चालू टीबी, एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खालावलेली, किडनी बदललेला, रोज स्टेरॉइडवर असलेला पेशंट, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई. तात्पुरतं पुढे ढकलायचं ते ताप असताना, लघवीत उघड रक्त असताना, जळजळीसह लघवीचं इन्फेक्शन असताना. लहानपणी बीसीजी घेतली होती किंवा मांटू (हातावर टोचून करतात ती टीबीची चाचणी) पॉझिटिव्ह आहे, हे नकाराचं कारण नाही. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेटमुळे पिशवी नीट रिकामी होत नसेल तर सोनोग्राफीत उरलेली लघवी बघून घ्या. दोन तासांनी औषध बाहेर यायला हवं, ते आत तुंबून राहिलं तर त्रास वाढतो.

मेळघाटी_मध

घरी आल्यावर संडासात ब्लीच टाका म्हणून सांगतात. गावात ब्लीच कुठून आणायचं? आणि संडास नसेल तर?

कळमेश्वरी

चांगला प्रश्न, कारण शहरी पत्रकात याचं उत्तर नसतं.

डोसनंतरचे सहा तास लघवीत जिवंत जंतू असतात. या काळात पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, उडू द्यायची नाही. लघवी झाल्यावर जवळपास तेवढंच ब्लीच भांड्यात ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग पाणी टाकायचं. हात आणि लघवीची जागा साबणाने धुवायची.

बाटलीतलं हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच, किराणा दुकानात मिळतं. नाहीच मिळालं तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. ताजी पावडर साधारण ३३ टक्के क्लोरीनची. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम घोळली की जवळपास बाटलीइतकं द्रावण होतं. पावडर ओलसर, गोळे झालेली आणि वास नसलेली असेल तर ती मेलेली आहे, फेकून द्या. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, तोंड बाजूला करून घोळा. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये ही कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

घरी संडास नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे दवाखान्यातून निघायची घाई न करणं. सकाळी नऊला डोस, अकराला पहिली लघवी, तीनपर्यंत तिथेच. मग बस पकडा. वाटेत बसस्टँडवर किंवा धुऱ्यावर उभ्याने लघवी करायची वेळ येत नाही. घरी न्हाणीत किंवा गोठ्यामागे लघवी करायची नाही. अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर भांड्यात घ्या आणि भांड्यातच ब्लीच. ओले झालेले कपडे वेगळे धुवा.

पहिली लघवी झाली की मात्र भरपूर पाणी प्यायचं, दोन दिवस. नवराबायकोचे संबंध आठवडाभर नाही, पुढे उपचार संपेपर्यंत निरोध. हे ओपीडीत कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

तेंदूपत्ता

डोसनंतर ताप येतो म्हणतात. कधी घाबरायचं?

नळगंगा

नेहमीचा त्रास : दोन-चार तासांनी जळजळ, घडीघडी लघवी, थोडं लालसर, अंग मोडून येणं, १०० च्या आसपास ताप. दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल पुरतं. जळजळीसाठी फेनाझोपायरिडीन दिलं तर लघवी भगवी होते, ते रक्त नव्हे.

धोक्याचा त्रास : ताप १०३ च्या वर, किंवा १०१ च्या वर असून दोन दिवसांत न उतरणारा, हुडहुडी, धाप, कोरडा खोकला, डोळे पिवळे, सांधे सुजणं, अंडकोषाची गोटी दुखणं. हे दिसलं की थेट बीसीजी देणाऱ्या दवाखान्यात, त्याच दिवशी. जंतू रक्तात पसरले असतील तर टीबीची औषधं सुरू करावी लागतात, सोबत स्टेरॉइडही लागू शकतं. पण ते दवाखान्यात, देखरेखीखाली.

खेड्यात घात होतो तो इथेच. ताप आला की गावचा डॉक्टर सलाईन लावतो, त्यात एक स्टेरॉइड, एक अॅमिकासिन किंवा जेंटामायसिन, आणि वर ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. साध्या त्रासात स्टेरॉइडने बीसीजीचा परिणाम मंदावतो आणि जंतू पसरण्याचा धोका वाढतो. अॅमिकासिन, जेंटा आणि 'फ्लॉक्सासिन' शेपटीची सगळी औषधं, तसंच डॉक्सी, बीसीजीच्या जंतूंनाच मारतात किंवा दाबतात. म्हणजे पैसे देऊन पिशवीत सोडलेलं औषध आपणच मारायचं. लघवीचं खरंच इन्फेक्शन असेल तर कल्चर करून नायट्रोफ्युरँटॉइनसारखं औषध निवडता येतं.

उलट बाजूही आहे. पावसाळा सरताना आपल्याकडे स्क्रब टायफस, डेंग्यू, मलेरिया असतोच. डोस होऊन दहा दिवस झाले आणि आता ताप आला, तर सगळं खापर बीसीजीवर फोडून बसू नका, त्या तपासण्याही करा. स्क्रब निघाला तर डॉक्सी द्यावंच लागतं. तेव्हा बीसीजी पुढे ढकलायची, डॉक्सी नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : "लघवीच्या पिशवीत बीसीजी चालू, शेवटचा डोस अमुक तारखेला." गावच्या डॉक्टरला शिव्या देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

वैनगंगा_लॅब

नळगंगा यांच्या यादीत लॅबकडून एक.

बीसीजीनंतर पिशवीचा तुकडा काढला तर त्यात ग्रॅन्युलोमा दिसतात. हे अपेक्षित आहे, शरीराने जंतूंना घातलेलं कुंपण. पण तुकड्याच्या सोबतच्या फॉर्मवर बीसीजीचा उल्लेख नसेल, तर रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोमॅटस सिस्टायटिस, टीबीची शक्यता' असं येतं. तो कागद घेऊन पेशंट तालुक्याला जातो, निक्षयवर (टीबीच्या सरकारी नोंदणीत) नोंद होते, सहा महिन्यांचं एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. टीबी नसतोच. आणि एकेटीमुळे पुढची बीसीजी वाया जाते. तेव्हा फॉर्मवर 'बीसीजी घेतलेली आहे, शेवटचा डोस कधी' हे लिहिलंय का, ते नातेवाइकाने स्वतः बघावं.

आणि ज्याला खरोखर बीसीजीचा ताप भिनला आहे त्याच्या उपचारातही एक खाच आहे. बीसीजीचा जंतू बोव्हिस जातीचा. त्याच्यावर पायराझिनामाइड चालतच नाही. सरकारी चार औषधांच्या एकत्रित गोळीतलं ते चौथं औषध इथे फुकट, लिव्हरला ताप मात्र होतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्बुटॉल हे तीन लागतात.

धामणगाव_रेल्वे

एखादा हप्ता चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं का? आणि दोन डोस एकदम?

कळमेश्वरी

दोन एकदम कधीच नाही. पहिल्यापासूनही नाही. आठवडा-दोन आठवडे पुढे सरकलं तरी पुढचा डोस घेऊन मोजणी चालू ठेवतात. मात्र सहापैकी पाच तरी आणि नंतरच्या पहिल्या तीनपैकी दोन तरी झाल्याशिवाय "पुरेशी बीसीजी मिळाली" असं धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

तिसऱ्या महिन्यात मेंटेनन्सच्या आधी दुर्बिणीने तपासणी आणि लघवीतल्या पेशींची तपासणी. ती पुढे दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. डोस संपले तरी ही थांबत नाही.

मेळघाटी_मध

नागपूरला एकाने सांगितलं, आता बीसीजी जुनी झाली, पेम्ब्रो नावाचं इंजेक्शन घ्या, शेत विकून का होईना. खरं का?

नळगंगा

शेत विकू नका बाप्पा, आधी कोणत्या टप्प्याबद्दल बोलणं चाललंय ते विचारा.

पेम्ब्रोलिझुमॅब शिरेतून, दर तीन आठवड्यांनी २०० मिलीग्रॅम. कॅन्सरच्या पेशी टी-पेशींना (शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) जो ब्रेक लावतात तो हे काढतं. असे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधासाठी अॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये बीसीजीला दाद न देणाऱ्या सीआयएससाठी त्याला मान्यता मिळाली, तीही पिशवी काढायची नसेल किंवा काढता येत नसेल अशांसाठी. ज्या अभ्यासावर मान्यता मिळाली त्यात ९६ जणांपैकी ४१ टक्क्यांत रोग पूर्ण दिसेनासा झाला, आणि त्यातल्याही निम्म्याहून कमी लोकांत हा परिणाम वर्षभर टिकला. तेव्हा बीसीजी नीट न घेताच त्यावर उडी मारण्यात अर्थ नाही.

'दाद न देणारा' ही व्याख्याही काटेकोर आहे : पुरेशी बीसीजी झाल्यावर बारा महिन्यांत सीआयएस, किंवा सहा महिन्यांत हाय ग्रेड गाठ परत. गरम झालेल्या कुपीचे चार डोस घेऊन गाठ आली तर तो बीसीजीचा पराभव नव्हे.

खरोखर दाद दिली नाही तर सगळ्यात खात्रीचा उपाय लघवीची पिशवी काढून आतड्याच्या तुकड्याने लघवीला नवा मार्ग करणं, आणि ती साठवायला पोटावर बाहेरून पिशवी लावणं. लोक याला फार भितात, पण हाय ग्रेड टी१ परत आल्यावर टाळाटाळ केली तर वेळ हातातून जाते. ऑपरेशन झेपणार नसेल तर पिशवीतच जेमसिटाबीन १ ग्रॅम, त्यामागोमाग डोसेटॅक्सेल ३७.५ मिलीग्रॅम असा क्रम देतात. औषधं आपल्याकडे मिळतात, पेम्ब्रोपेक्षा कितीतरी स्वस्त.

रोग पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रो मिळून जुन्या केमोपेक्षा चांगले ठरले : निम्मे पेशंट जितके जगले तो काळ १६.१ वरून ३१.५ महिने. या इंजेक्शनांचा त्रासही वेगळाच, जुलाब, धाप, थायरॉइड, लिव्हर, महिन्यांनंतरही उद्भवू शकतो. जुलाब लागले की मेडिकलमधून गोळी घेऊन गप्प बसायचं नाही.

पूर्णाकाठ

पैशाचं. फुले जनआरोग्य आणि आयुष्मान आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आयुष्मानच्या यादीत पिशवीत बीसीजी देण्याचं पॅकेज आहे, पहिल्या सहाचं वेगळं आणि मेंटेनन्सचं वेगळं. लोक पहिलं मंजूर करून घेतात आणि समजतात सगळं झालं. मेंटेनन्सची मंजुरी परत टाकावी लागते. ती तिसऱ्या महिन्याच्या दुर्बिणीच्या दिवशीच आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडे) टाका. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार. आधारवरचं आणि रेशनवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मंजुरी तिथेच अडते. अंगीकृत रुग्णालय कोणतं ते १५५३८८ वर विचारता येतं. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं सुपर स्पेशालिटी, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, एम्स, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल : जाण्याआधी फोन करून युरोलॉजीचा (लघवीच्या आजारांच्या विभागाचा) वार आणि बीसीजीचा साठा दोन्ही विचारा.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि एका सोबत्याला तिकिटात सवलत आहे, ठरावीक फॉर्मवर डॉक्टरची सही-शिक्का लागतो. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायांना अर्धं. २७ डोस धरले तर हा हिशेब लहान नाही.

तेंदूपत्ता

खर्रा सोडायचा का? इथे तर गाल-जिभेचा कॅन्सर नाही ना.

नळगंगा

खर्रा तोंडासाठी सोडा. पिशवीच्या कॅन्सराचं सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेट. धुरातली रसायनं रक्तातून लघवीत उतरतात आणि पिशवीत तासनतास साचून राहतात. बीसीजी चालू असताना बिडीही चालू, म्हणजे गाठ परत यायला वाट मोकळी.

धामणगाव_रेल्वे

शेवटचं विचारतो. उद्या तिसरा डोस आहे. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पांढऱ्या पेशी) १५-२० आलेत. जळजळ नाही, ताप नाही. जायचं की नाही?

कळमेश्वरी

जायचं. पहिल्या दोन डोसांनंतर पस सेल्स दिसणारच. त्रास नसताना नुसत्या पस सेल्सवरून डोस थांबवत नाहीत, आणि कोणी त्यावर ओफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर सुरू करण्याआधी युरोलॉजीला दाखवा. रिपोर्ट आणि मागच्या डोसची कुपीची लेबलं सोबत न्या. सकाळी चहा अर्धा कप.